एका स्वस्त हिप्पीपटाचा मराठी खेळ: आठ महिन्यांची हकीकत

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार, दुपारी तीन वाजता कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये एका भाड्याच्या सभागृहात आम्ही ‘सायक-आउट’ हा १९६८ सालचा अमेरिकी चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवला. प्रेक्षक ६३ होते आणि त्यांतले बहुतेक जण मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले किंवा आता इथेच राहणारे ज्येष्ठ नागरिक होते. खेळ एकच होता, तिकीट नव्हते, पण तयारी मात्र जानेवारीपासून चालली होती. काम हाती घेतले तेव्हा परवाना कोणाकडे मागायचा, अनुवादाला वेगळी परवानगी लागते का, उपशीर्षके पडद्यावर आणायची कशी, यांतले मला काहीच माहीत नव्हते आणि मराठीत कुठे लिहिलेलेही सापडले नाही. म्हणून तारखा, खर्च आणि झालेल्या चुका यांच्यासह सगळे इथे लिहून ठेवते आहे.

मूळ प्रश्न माझ्या बाबांचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते एसटीच्या सावंतवाडी आगारात वाहक होते आणि गोव्याच्या फेरीवर त्यांची नेहमी नेमणूक असे. त्या गाडीत अनवाणी, केस वाढवलेली, गळ्यात मण्यांच्या माळा आणि खांद्याला झोळी असलेली गोरी मुलेमुली चढत. बाबा सांगतात की ती मुले तळहातावर नाणी पसरून पुढे करायची आणि भाड्याची रक्कम वाहकानेच मोजून उचलायची, असा शिरस्ता पडला होता. बाबांनी कधी एक पैसा जास्त उचलला नाही, आणि हे सांगताना आजही त्यांचा आवाज जरा ताठ होतो. चिमट्याने तिकीट टोचून हातात दिले की त्यांतली एखादी मुलगी दोन्ही हात जोडून नमस्कार करायची. गाडी पुढे निघाली की बाबा चालकाला विचारायचे, “ही माणसां इली खंयसून?” आगारात कोणालाच त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. पन्नास वर्षांनी माझ्या घरी, सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभराच्या अंतरावर बसून, त्यांनी तोच प्रश्न मला विचारला.

मी त्यांना माहितीपर पुस्तके वाचून दाखवू शकले असते. पण बाबांनी आयुष्यभर माणसे चेहऱ्यांवरून ओळखली आहेत, त्यामुळे त्यांना ती मुले, त्यांच्या खोल्या, त्यांचे रस्ते दाखवावेत असे मला वाटले. म्हणून जानेवारीत त्या काळात हिप्पींवर निघालेले कमी खर्चाचे चित्रपट पाहायला सुरुवात केली. दोन महिन्यांत अकरा झाले. यांतले बरेचसे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीचे आहेत. १९५४ मध्ये जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कॉफ यांनी काढलेली ही कंपनी तरुणांना उघड्यावरच्या चित्रपटगृहात मोटारीत बसून पाहता येतील असे, झटपट उरकलेले आणि भडक जाहिरातींचे चित्रपट बनवत असे. वर्तमानपत्रात ज्या विषयाची चर्चा झाली, त्याचा काही महिन्यांत चित्रपट तयार. १९६६ मध्ये मोटारसायकलवाल्या टोळ्या आणि १९६७ मध्ये एलएसडी हा भास घडवणारा अमली पदार्थ, असा तो क्रम आहे. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांचा ‘द ट्रिप’ याच कंपनीचा. त्याची पटकथा अभिनेते जॅक निकल्सन यांनी लिहिली होती आणि विषय समजावा म्हणून कॉर्मन यांनी चित्रीकरणाआधी स्वतः तो पदार्थ घेऊन पाहिला होता. मात्र तयार चित्रपटाच्या आरंभी कंपनीने इशारा जोडला आणि अखेरीस नायकाच्या चेहऱ्यावर तडकलेल्या काचेचे चित्र चढवले, म्हणजे बोध झाला असे दिसावे. या साऱ्या चित्रपटांत ही ओढाताण आहे. एका हाताने मौज दाखवायची, दुसऱ्या हाताने कान धरायचा.

मग ‘सायक-आउट’ का निवडला? ‘ईझी रायडर’ अधिक गाजलेला आणि निःसंशय मोठा चित्रपट आहे. सुमारे ४ लाख डॉलरमध्ये झालेल्या त्या चित्रपटाने १९६९ मध्ये हॉलिवूडचे व्यवहारच बदलून टाकले. पण तो वाटेवरचा चित्रपट आहे आणि बाबांना विचारायचे होते ते घराविषयी. ‘सायक-आउट’ रिचर्ड रश यांनी दिग्दर्शित केला आणि त्याचे छायाचित्रण लास्लो कोव्हाच यांनी केले. हेच कोव्हाच पुढे ‘ईझी रायडर’चे छायाचित्रकार झाले. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेला हा माणूस कमी उजेडात आणि कमी पैशात काम करायला सरावलेला होता. कथा साधी आहे. जेनी नावाची, ऐकू न येणारी मुलगी घर सोडून भावाच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोला येते आणि एका वाद्यवृंदातली मुले तिला आपल्यात घेतात. कथेत ढोबळपणा आहे, काही प्रसंग तर केवळ धक्का देण्यासाठी घातले आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु सेट उभारायला पैसे नसल्यामुळे कॅमेरा थेट हेट-ॲशबरी या हिप्पींच्या वस्तीतल्या रस्त्यावर नेलेला आहे, आणि नटांच्या मागे जी दुकाने, जे जिने, ज्या खिडक्या आणि जी गर्दी दिसते ती १९६७ ची खरी आहे. पैसा हाती असता तर हाच रस्ता स्टुडिओत बांधला गेला असता आणि आज आपल्याला पाहण्यासारखे फारसे काही उरले नसते. या चित्रपटांविषयी मला कळकळ वाटते ती याच कारणाने.

३ फेब्रुवारीला हक्क कोणाकडे आहेत हे शोधायला बसले. पहिली गोष्ट लक्षात ठेवावी अशी की घरी पाहण्यासाठी विकत घेतलेली तबकडी किंवा महिन्याची वर्गणी भरून मिळणारा चित्रपट सभागृहात दाखवता येत नाही. तिकीट लावले नाही, चहा फुकट दिला, प्रेक्षक ओळखीचे असले, तरीही नाही. सार्वजनिक खेळाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की निर्माती कंपनी बंद पडली म्हणजे चित्रपट बेवारस झाला असे नसते. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स १९७९ मध्ये फिल्मवेजकडे गेली, फिल्मवेज १९८२ मध्ये ओरायनकडे, ओरायन १९९७ मध्ये एमजीएमकडे आणि एमजीएम २०२२ मध्ये ॲमेझॉनकडे. जमिनीच्या सातबाऱ्यावर फेरफार नोंदत जावेत तशी ही साखळी आहे आणि आपण शोधत असलेल्या चित्रपटाचे नाव आज कोणाच्या उताऱ्यावर आहे हे प्रत्येक वेळी तपासावेच लागते. सभागृहातल्या छोट्या खेळांचे परवाने मोठ्या कंपन्या स्वतः देत नाहीत. त्यासाठी नेमलेल्या संस्था असतात. मी दोन संस्थांना विचारले, पहिलीने दुसरीकडे बोट दाखवले आणि १० फेब्रुवारीला दुसरीच्या अर्जात खेळाची तारीख, आसनसंख्या, तिकीट आहे की नाही आणि जाहिरात कुठे करणार, अशी सगळी माहिती भरून पाठवली.

२४ फेब्रुवारीला उत्तर आले. एका खेळाचे शुल्क ३२५ डॉलर, कमाल १०० प्रेक्षक, तिकीट लावायचे नाही आणि वर्तमानपत्रात किंवा खुल्या जागी चित्रपटाचे नाव देऊन जाहिरात करायची नाही. ही शेवटची अट मला प्रथम विचित्र वाटली, परंतु अशा परवान्यांत ती नेहमीची असते असे कळले. चित्रपटगृहांच्या धंद्यावर परिणाम होऊ नये हा तिचा हेतू. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ मंडळींना निमंत्रणे फोनवरून आणि घरोघरी दिली गेली, आणि खरे सांगायचे तर त्याचा फायदाच झाला, कारण फोनवर बोलताना चित्रपटात अमली पदार्थांचे प्रसंग आहेत हे प्रत्येकाला आधीच नीट सांगता आले.

अनुवादाची परवानगी हा मात्र निराळाच डोंगर निघाला. खेळाचा परवाना मिळाला म्हणजे संवादांचे भाषांतर करून दाखवण्याचा अधिकार मिळतो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. भाषांतराचा हक्क स्वतंत्र असतो. २७ फेब्रुवारीला मी त्यासाठी पत्र लिहिले आणि त्यानंतर सात आठवडे वाट पाहिली. तीन स्मरणपत्रे पाठवली. पहिल्यात विनंती होती, दुसऱ्यात तारखा होत्या, तिसऱ्यात मी बाबांच्या एसटीची हकीकत थोडक्यात लिहिली. तिसऱ्याला पाच दिवसांत उत्तर आले. त्या हकीकतीमुळे आले की फाइल तेव्हाच कोणाच्या टेबलावर पोहोचली, हे सांगता येत नाही, पण समोर वाचणारे माणूसच आहे हे धरून पत्र लिहावे असा माझा सल्ला आहे. १६ एप्रिलच्या त्या पत्रात तीन अटी होत्या: मराठी मजकूर फक्त याच खेळापुरता वापरायचा, तो कोणालाही वाटायचा नाही, आणि चित्रपटाच्या प्रतीवर उमटवायचा नाही. तिसऱ्या अटीने मी हबकलेच. चित्रावर अक्षरे उमटवायची नाहीत तर प्रेक्षकांनी ती वाचायची कुठे?

उत्तर चित्रपट महोत्सवांच्या पद्धतीत सापडले. तिथे पुष्कळदा मूळ प्रतीला हात न लावता पडद्याच्या खाली एक वेगळी पट्टी बांधतात आणि दुसऱ्या प्रक्षेपकाने तिच्यावर उपशीर्षके टाकतात. एक माणूस चित्रपट ऐकत बसतो आणि प्रत्येक संवादाला कळ दाबून पुढचे वाक्य आणतो. चित्रपटाला धक्का नाही, परवान्याचा भंग नाही. मी हा बेत लिहून पाठवला आणि २२ एप्रिलला एका ओळीत होकार आला. तो कागद मी छापून फाइलला लावला. असे तोंडी किंवा अर्ध्या ओळीचे होकारसुद्धा कागदावर ठेवावेत.

अनुवाद मी परवानगीची वाट पाहतानाच सुरू केला होता. मूळ संवादांचे सुमारे ११५० तुकडे होते, ते आटवून मी ९१२ वर आणले. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३६ अक्षरे, आणि कोणतेही वाक्य दीड सेकंदाच्या आत जाऊ द्यायचे नाही, असे नियम घातले. संगणकावरचा मोफत कार्यक्रम अक्षरे मोजून देतो, पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी अक्षरे धरल्यामुळे त्याचा आकडा फुगतो. त्याच्यावर विसंबू नये. घड्याळ लावून वाक्य मोठ्याने, सावकाश वाचावे. वाचून होण्याआधी वेळ संपली तर वाक्य छाटावे. सत्तरीतला प्रेक्षक चष्मा वरखाली करत वाचतो, हे विसरून चालत नाही.

खरी परीक्षा बोलीची होती. त्या मुलांची भाषा म्हणजे त्यांच्या खुणांचे घर आहे. ‘ग्रूव्ही’ला मी आधी ‘झकास’ लिहिले, मग ते सत्तरच्या दशकातल्या मराठी चित्रपटातले वाटू लागले म्हणून काही ठिकाणी ‘भारी’ केले आणि काही ठिकाणी गाळून टाकले. पैशाला ती मुले ‘ब्रेड’ म्हणत. त्याला ‘दमडी’ बरोबर बसला. पोलिसाला असलेल्या टोपणनावासाठी माझ्यासमोर ‘पांडू’ आणि ‘मामा’ असे दोन शब्द होते. त्यांतला ‘मामा’ मी घेतला, कारण त्यात भीती आणि चेष्टा दोन्ही आहे, तर ‘पांडू’त नुसतीच चेष्टा. कोणाच्या तरी खोलीवर रात्रीपुरते आडवे होण्याला ‘पथारी टाकणे’ हा शब्द जणू तयारच होता. ‘स्क्वेअर’ या शब्दाने मात्र मला तीन दिवस छळले. जुन्या चालीचा, नियमाने चालणारा, नोकरीत स्थिरावलेला आणि म्हणून या मुलांच्या मते जिवंत नसलेला माणूस, एवढे सगळे त्या एका शब्दात आहे. ‘सनातनी’ म्हटले की धर्म येतो, ‘पांढरपेशा’ म्हटले की वर्ग येतो. शेवटी ‘चाकोरीतला’ लिहिले. समाधान झाले नाही, पण याहून बरा शब्द मिळाला नाही. वाक्याअखेरीस येणारा ‘मॅन’ मी जवळजवळ सगळीकडे सोडून दिला, कारण मराठीत तो आवाजातूनच ऐकू येतो आणि त्याने चार अक्षरे वाचतात. नशेतल्या अनुभवाला ती मुले म्हणत ती ‘ट्रिप’ तशीच ठेवली. ‘सफर’ किंवा ‘सहल’ लिहिले असते तर शाळेची बस डोळ्यांसमोर आली असती.

बाबा ४ मे रोजी पुन्हा माझ्याकडे आले आणि पहिले वाचक झाले. रोज संध्याकाळी मी पन्नास-साठ वाक्ये छापून द्यायची, त्यांनी ती पेन्सिल घेऊन तपासायची. ते भाषेचे जाणकार नाहीत, परंतु गर्दीत, धक्के खात, एका दमात कळावे असे बोलण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. ज्या वाक्याला त्यांची पेन्सिल थांबे ते वाक्य लांब आहे असे मी समजे. “गाडी सुटल्यावर कोण एवढा ऐकत बसतलो?” असे एका वाक्याच्या कडेला त्यांनी लिहिलेले मी जपून ठेवले आहे. त्या वाक्यात अकरा शब्द होते, मी पाच केले.

१४ जूनला आम्ही दोघे हेट स्ट्रीटवर गेलो. फ्रीमाँटहून बार्ट रेल्वेने सिव्हिक सेंटर स्थानक आणि तिथून शहराच्या म्युनी सेवेची ७ क्रमांकाची बस. ज्येष्ठांसाठी प्रवासाचे सवलतीचे वेगळे क्लिपर कार्ड मिळते, ते वयाचा पुरावा दाखवून आधीच काढून ठेवावे. बाबांना बसमध्ये वाहक नाही याचेच अप्रूप. मी त्यांना सांगितले की १९६७ मध्ये याच रस्त्यावरून पर्यटकांना हिप्पी दाखवत फिरणारी बससुद्धा निघाली होती, आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला इथल्याच मुलांनी ‘हिप्पीचा मृत्यू’ जाहीर करून शवपेटीची मिरवणूक काढली होती. वर्तमानपत्रांनी, पर्यटकांनी आणि व्यापाऱ्यांनी आपल्या जगण्याचे दुकान केले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे आमच्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले ते त्या लाटेच्या ओहोटीच्या दिवसांत. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की त्या मुलांना खायला कोण घालत होते. मी त्यांना जवळच्या पॅनहँडल नावाच्या चिंचोळ्या बागेत नेले, जिथे डिगर्स नावाचा गट रोज फुकट जेवण वाढत असे. तिथे आम्ही डब्यातले थालीपीठ खाल्ले. परतताना एका तरुणाने चिल्लर मागितली तेव्हा बाबांनी खिशातली नाणी तळहातावर पसरली आणि त्याच्यासमोर धरली. त्याने दोनच उचलली.

सभागृहाचे काम जून-जुलैत झाले. चार तासांचे भाडे २२० डॉलर, परत मिळणारी अनामत ३०० डॉलर, आणि दहा लाख डॉलरपर्यंतच्या दायित्वाचा एक दिवसाचा विमा. विम्याच्या कागदावर सभागृहाच्या मालकाचे नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून असावे लागते. माझ्या पहिल्या कागदावर ते राहिले होते, म्हणून अर्ज परत आला आणि नऊ दिवस गेले. विम्याला १४२ डॉलर लागले. अर्जात चित्रपटाची श्रेणी विचारली होती. ‘सायक-आउट’ मार्च १९६८ मध्ये आला आणि अमेरिकेतली श्रेणीपद्धत १ नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाली, त्यामुळे प्रदर्शनाच्या वेळची श्रेणी लिहिणार तरी कुठून? रकाना रिकामा ठेवला तर संगणक अर्ज पुढे जाऊ देईना. फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी ‘फक्त प्रौढांसाठी’ असे लिहून सोबत खुलाशाचे पत्र जोडायला सांगितले. तारीख ठरवताना गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला आहे हे पाहूनच २३ निवडली. त्यानंतरचे सगळे शनिवार मंडळांनी आधीच घेतलेले होते.

२१ जुलैला परवाना देणाऱ्या संस्थेकडून चित्रपटाची प्रत आली आणि माझी सर्वांत मोठी चूक उघडी पडली. मी वेळा बसवल्या होत्या त्या घरच्या तबकडीवरून, आणि आलेली प्रत तिच्याहून लांब होती. या चित्रपटाच्या कमीअधिक लांबीच्या आवृत्त्या फिरतात, हे मी वाचलेले असूनही विचारायचे राहून गेले होते. सुरुवातीची काही मिनिटे जुळली आणि मग एका प्रसंगात दोन नवीन वाक्ये आली, तिथून पुढे सगळे सरकत गेले. मी त्या रात्री रडले. परवान्याच्या पहिल्याच पत्रात ‘कोणती आवृत्ती, किती मिनिटे’ असा प्रश्न घालावा. माझे नऊ रात्रींचे काम त्या एका प्रश्नाने वाचले असते. नव्याने बसवल्यावर उपशीर्षके ९४७ झाली.

दुसरी अडचण रंगीत तालमीत, १६ ऑगस्टला आली. सभागृहाच्या संगणकावर मराठी अक्षरे फुटली. ‘रस्त्यावर’मधला ‘स्त’ सुटा झाला, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला, आणि ‘मृत्यू’ तर ओळखूच येईना. माझ्या घरच्या संगणकावर तेच सगळे व्यवस्थित होते. देवनागरीचा टंक दुसऱ्या यंत्रावर नसला की असे होते. यावर उपाय म्हणून मी प्रत्येक वाक्याचे चित्र करून घेतले, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, अशी ९४७ चित्रे क्रमांक घालून ओळीने लावली. चित्र फुटत नाही. शिवाय स्वतःचाच संगणक न्यायचे ठरवले. पट्टीसाठी १८ डॉलरचे जाड पांढरे कापड आणले, काकूंनी त्याला शिवण घालून वरखाली काठ्या ओवल्या, आणि दुसरा प्रक्षेपक एका स्नेह्यांनी उसना दिला.

खेळाच्या दिवशी बाबा माझ्या शेजारी बसले होते, हातात छापील वाक्यांची चळत आणि मंद बॅटरी. मी कळ दाबायची, त्यांनी क्रमांकावर बोट सरकवायचे. पहिली तीनशे वाक्ये बिनचूक गेली. मग कॉफीच्या दुकानासारख्या गोंगाटाच्या एका प्रसंगात माझ्याकडून कळ दोनदा दाबली गेली आणि उपशीर्षके एका वाक्याने पुढे पळाली. माणसाच्या तोंडी प्रश्न येण्याआधी खाली उत्तर दिसू लागले. मला ते ताबडतोब कळलेच नाही. बाबांच्या बोटाला कळले. त्यांनी कागदावर टकटक केले, वाहक घंटेची दोरी ओढतो तसे, आणि मी थांबले, एक वाक्य मागे आले. जवळपास मिनिटभर सभागृहाने चुकीचे वाचले होते. हे काम एकट्याने करू नये. कागद धरायला दुसरे माणूस हवेच.

चित्रपट संपल्यावर चहा आणि बटाटेवडे होते. एका काकांनी स्पष्ट सांगितले की गांजा आणि गोळ्या दाखवणारा चित्रपट या मंडळींसमोर आणायला नको होता. त्यांचे म्हणणे मी मान खाली घालून ऐकले, कारण त्यांच्या पुतण्याचे काय झाले हे मला माहीत आहे. एक काकू म्हणाल्या की आपल्या घरी ‘हिप्पी कट’वरून भावाने मार खाल्ला होता, पण तो शब्द आला कुठून हे आज कळले. मागच्या रांगेत बसलेले एक आजोबा, ज्यांचे कानाचे यंत्र गेले महिनाभर नीट चालत नव्हते, ते सगळ्यांत उशिरा उठले. जेनी ओठांवरून बोलणे वाचते, आणि हे आजोबाही नुसत्या वाचलेल्या अक्षरांवर चित्रपट पाहत बसले होते. ते म्हणाले, “बोलणारा पाठ फिरवतो ना, तेव्हा तिचा चेहरा बघ. ते नाटक नाही.” मी हा चित्रपट वीस वेळा पाहिला असेन, पण त्या दृष्टीने कधी पाहिला नव्हता. घरी जाऊन तीच लांब आवृत्ती पुन्हा पाहिली असती, परंतु खेळानंतर प्रत परत करायची होती.

एकूण खर्च असा झाला: परवाना ३२५, सभागृह २२०, विमा १४२, कापड १८, छपाई १४ आणि चहा-खाणे ९६, म्हणजे ८१५ डॉलर. पाच कुटुंबांनी तो सारखा वाटून घेतला, प्रत्येकी १६३. खेळानंतर दहा दिवसांत अहवाल पाठवावा लागतो. प्रेक्षकसंख्या, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, प्रत परत केल्याची पावती. तो मी २ सप्टेंबरला पाठवला. सभागृहाची अनामत १२ सप्टेंबरला पूर्ण परत आली. मराठी उपशीर्षके कोणाला देता येणार नाहीत, तसे मी लिहून दिलेले आहे. तेव्हा कृपया ती मागू नयेत. पत्रांचे मसुदे आणि अर्ज कसा भरायचा याबद्दल मात्र कोणी विचारले तर मी आनंदाने सांगेन.

बाबा १८ ऑक्टोबरला परत जाणार आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून जगाचा नकाशा छापून घेतला आणि ही मुले इथून निघाल्यावर कोणकोणत्या गावांवरून गेली असतील ते विचारून घेतले. युरोपपर्यंत विमान किंवा जहाज, पुढे इस्तंबूलहून जमिनीवरून, हे मी सांगितले. नकाशाच्या मागे त्यांनी आगारातल्या भाडेपत्रकासारखा तक्ता आखला आहे आणि एकाखाली एक टप्पे लिहिले आहेत: इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली, मुंबई, सावंतवाडी, बांदा. भाड्याचा रकाना अजून रिकामा आहे.